जकात नाक्यावरच्या खाटा

फोन वाजला तेव्हा मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत वाळवी लागलेली पुस्तकं उन्हात टाकायला वेगळी काढत होतो. दुपारच्या वेळी आमच्याकडे फोन येत नसे. खरं तर कुठल्याच वेळी येत नसे.

"हॅलो, मन-आधार आहे काय जी?" बाईचा आवाज होता. मागे एस.टी.च्या भोंग्यांचा गोंगाट.

"हे नगरपालिकेचं वाचनालय आहे," असं मी म्हणणार होतो. शब्द तोंडापर्यंत आलेही होते. मग आठवलं, तो नंबर बातमीत मीच टाकला होता.

त्याचं असं झालं होतं. गावात मी एकटाच नगरपालिकेचा असा नोकर होतो, ज्याला शुद्धलेखनाच्या चुका न करता लिहिता येत असे. त्यामुळे वृत्तपत्रांना द्यायच्या निवेदनांचं काम आपोआप माझ्याकडे आलं. त्या महिन्यात दोन गोष्टी जाहीर करायच्या होत्या. जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत बेघरांसाठी निवारा, आणि मानसिक संकटात सापडलेल्यांसाठी मन-आधार मदत कक्ष. आरोग्य निरीक्षक बेलसरे मुद्दे सांगत होते आणि मी लिहून घेत होतो.

"फोन नंबर कोणता टाकायचा?" मी विचारलं.

"कक्षाचा फोन अजून मंजूर व्हायचा आहे. सध्या वाचनालयाचा टाका. तुम्ही बसलेलेच असता."

"आणि कोणी फोन केला तर?"

"देऊळकर साहेब, आपल्या गावात कोण करणार फोन?" बेलसरे हसले होते. मलाही ते पटलं होतं.

"बोला," मी आता म्हणालो.

"माहे मालक स्टँडवरच्या टाकीवर चढून बसले जी. सकाळपासून. खाली उतरत नाहीत, पाणी घेत नाहीत. चहावाल्यानं पेपरातला नंबर लावून देला. गाडी पाठवता काय?"

गाडी नव्हती. 'एका फोनवर मदत दारात' हे वाक्य मी मुद्द्यांना थोडा उठाव यावा म्हणून लिहिलं होतं. बेलसऱ्यांना फोन लावला, तर ते जिल्ह्याला बैठकीत. आमच्या ग्रामीण रुग्णालयात कोणी उचललंच नाही. मग मी दाराला कुलूप लावलं आणि सायकल काढली. तिथे जाऊन काय करणार होतो, हे मला माहीत नव्हतं. अजूनही त्याचं नीट उत्तर देता येईल असं वाटत नाही.

स्टँडच्या मागच्या बाजूला पाण्याची उंच टाकी होती. खाली पाच-पन्नास माणसं जमली होती. चाळिशीची एक सडपातळ बाई गाठोड्यावर पाय देऊन उभी होती आणि वर बघत होती.

"तुम्हीच डॉक्टर काय जी?"

"नाही. मी वाचनालयात असतो. फोन मीच घेतला होता."

चहावाल्यानं ते ऐकलं. "घ्या! डॉक्टर मांगितला तर पुस्तकवाले आले. आता काय कादंबरी वाचून दाखवता काय त्याले?"

लोक हसले. त्या बाईचं नाव कौतिका. मी तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तशी ती पदर बोटाला गुंडाळू लागली.

"अहो बाई, नाव घेतल्याशिवाय हाक कशी मारू?"

तिनं एकदा गर्दीकडे पाहिलं. मग मान खाली घालून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "उकंडा."

"उकंडराव!" मी ओरडलो. माझा आवाज मोठा नाही. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा टाकीच्या कठड्यावरून एक दाढीवाला चेहरा दिसला.

"पोलीस आहे काय?"

"नाही."

"डॉक्टर?"

"नाही."

"मंग काय आहे?"

"मीच आहे फक्त."

"टाकीत औषध टाकणार आहेत लोक," तो म्हणाला. "सारं गाव मरन. मी उतरलो की टाकतीन. म्हणून बसलो."

कौतिका हळूच म्हणाली, "कापसाच्या जिनिंगमधी चौकीदार होते जी. पंधरा वर्षं. एक दिवस दांडी नाही. जिनिंग बंद पडली, क्वार्टर गेलं, मंग हे असं सुरू झालं. रात्री उठून म्हणत, गेटवर कोणी नाही."

म्हणजे तो उडी मारायला चढला नव्हता. तो पहाऱ्यावर होता. गर्दीतलं कोणीतरी "उडी मार ना लेका, गाडी चुकून राह्यली माही" असं ओरडत होतं आणि तो त्याच माणसांसाठी सकाळपासून उन्हात बसला होता.

"उकंडराव, तुमची ड्युटी किती वाजता संपते?" मी विचारलं.

"बदली आल्याबिगर कसा जाऊ?"

"बदली मी आहे."

मला उंचीची भीती वाटते. वाचनालयातल्या वरच्या फळीवरचं पुस्तकही मी शिपायाकडून काढून घेत असे. त्या लोखंडी शिडीवरून मी कसा चढलो ते मला आठवत नाही; तळहाताला लागलेला गंज तेवढा आठवतो. वर पोचलो तेव्हा उकंडानं मला हात दिला. त्यानं टाकीचं झाकण दाखवलं, खालचा रस्ता दाखवला, कोणत्या बाजूनं माणसं येऊ शकतात ते सांगितलं.

"झोपायचं नाही," तो म्हणाला.

"नाही झोपणार."

"नाव?"

"दामोदर देऊळकर."

त्यानं मान हलवली आणि शिडीवरून सराईतासारखा खाली उतरला. खाली कौतिकानं त्याचा हात धरला, चहावाल्यानं न मागता चहा दिला. मी मात्र वरच अडकलो. शेवटी चहावाल्याचा भाऊ वर आला आणि माझा एकेक पाय पायरीवर ठेवत त्यानं मला उतरवलं.

ग्रामीण रुग्णालयात मन-आधार कक्षाची पाटी होती. खोलीत सलाइनचे खोके रचलेले होते. तिथल्या डॉक्टरांनी उकंडाला एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "पुढचं जिल्ह्याला. आमच्याकडे या विषयाचा माणूस नाही." रुग्णवाहिका बाळंतिणीला घेऊन गेली होती. आम्ही तिघं एस.टी.नं गेलो. उकंडा खिडकीला डोकं टेकून झोपला होता. कौतिका मधूनमधून त्याच्या नाकाशी बोट धरून बघत होती.

जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात डॉ. अंजनकर नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी तपासलं, चांगलं तपासलं. "भरती करायला हवं. आजार नवा आहे, औषधाला दाद देईल. नातेवाईक कोण?"

"मी आहे जी. बायको."

"पुरुषांचा वॉर्ड आहे, बाई. सोबतीला पुरुषच लागतो. सासरे, दीर, भाऊ कोणी?"

"कोणी नाही."

"मग मी काय करू? गोळ्या देते. घरी सांभाळा, पंधरा दिवसांनी आणा."

घरी, हा शब्द ऐकून कौतिकानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो.

"हे कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी भाऊ," मी म्हणालो. "मोठा भाऊ."

आयुष्यात मी इतक्या पटकन काही बोललो नसेन. डॉक्टरांनी लिहून घेतलं. वळून पाहिलं तर कौतिकानं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला होता आणि ती एक पाऊल मागे सरकली होती. त्या क्षणापासून ती माझ्याशी समोरासमोर बोलली नाही. भासऱ्यापुढे, नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, बायका बोलत नाहीत. काही सांगायचं असलं की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगे, "आजोबा, त्यांना म्हणा, चहा थंडा होऊन राह्यला."

मी रजा टाकली. रात्री उकंडाच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपायचो. कौतिका बाहेरच्या पडवीत. पहिले काही दिवस त्याला मी बदलीवरचा चौकीदारच वाटत होतो. दचकून उठायचा आणि विचारायचा, "टाकीवर कोण आहे?" मी सांगायचो, "माणूस ठेवलाय." मग हळूहळू विचारणं बंद झालं. तो दाढी करून घेऊ लागला. शेजारच्या म्हाताऱ्याची भांडी धुऊन आणू लागला. एका सकाळी त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी चौकीदार नाही हे त्याला कळलं असावं; त्या दिवसापासून मला 'तुम्ही' म्हणू लागला.

मी घाबरलो, कारण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची मोठी फेरी होती.

डॉ. अंजनकर त्याच्यासमोर स्टूलवर बसल्या. मी खाटेच्या पायथ्याशी उभा. कौतिका दाराशी.

"उकंडराव, आज वार कोणता?"

"बुधवार."

"आपण कुठं आहोत?"

"सरकारी दवाखान्यात. डोक्याच्या."

"टाकीत कोणी औषध टाकणार होतं का?"

तो ओशाळला. "नाही जी. तो आजार होता."

"छान. आणि हे कोण?"

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. उकंडानं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. कौतिकानं पदराआडून मान हलवली असावी. मला दिसली नाही. पंधरा वर्षं गेटवर उभं राहून, आत येणाऱ्या प्रत्येकाला ओळखायचं काम केलेला तो माणूस.

"लय चांगले आहेत हे," तो म्हणाला. "रात्री मले पाणी देतात. पण हे कोण आहेत, मले माहीत नाही."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "सख्ख्या भावाला ओळखत नाही," त्या मला म्हणाल्या, जणू मला वाईट वाटू नये म्हणून हलक्या आवाजात. "बाकी सगळं सुधारलंय आणि नेमकं हेच... औषध वाढवून बघू. नाहीतर मनोरुग्णालयात पाठवावं लागेल. तिथं जास्त दिवस ठेवता येतं."

"मले भाऊ नाही जी," उकंडा पुन्हा म्हणाला. आवाज शांत होता. "एक होता, तो लहानपणीच गेला."

त्या लिहू लागल्या. परिचारिकेला गोळीचं नाव सांगू लागल्या.

"डॉक्टर," मी म्हणालो. ऐकू गेलं नाही. "डॉक्टर, ते बरोबर सांगताहेत. मी त्यांचा कोणी नाही."

मी सगळं सांगितलं, अडखळत, मधलं आधी आणि आधीचं नंतर. शेजारचा म्हातारा उठून बसला होता. "अगं बाई," तो म्हणाला, "म्हणजे तू उगाच तोंड झाकून राह्यली व्हय!"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे इतके दिवस या वॉर्डात शहाणा एवढा एकच माणूस होता," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. "ठीक आहे. तो बरा झालाय. पण सोडू कुणाकडे? बाई, तुम्ही राहता कुठं?"

"स्टँडवर."

"स्टँडवर सोडलं तर महिन्याभरात गोळ्या बंद होतील आणि हा परत टाकीवर. बेघर रुग्णाला मला मनोरुग्णालयातच पाठवावं लागेल."

"मंग मले पण तिथंच ठेवा."

"तुम्हाला काही झालेलं नाही, बाई."

"नाही झालं, म्हणून रस्त्यावर काय जी?"

परिचारिका औषधांची ताटली घेऊन दुसऱ्या खाटेकडे गेली. उकंडा उठून बायकोजवळ जाऊन उभा राहिला.

मग डॉक्टरांना काहीतरी आठवलं. "थांबा. तुमच्या गावात नगरपालिकेनं निवारा सुरू केलाय ना? मी वाचलं पेपरमध्ये. दहा खाटा, गाद्या, नळाचं पाणी, जोडप्यांना वेगळी खोली. फार चांगलं लिहिलं होतं कोणीतरी."

मी निवारा आतून पाहिला नव्हता. उद्घाटनाला गर्दीच्या मागे उभा होतो. बेलसऱ्यांनी मुद्दे सांगितले तसे मी लिहिले होते, आणि तेव्हापासून नाक्याला कुलूप होतं हेही मला माहीत होतं. आत काही असेल असं मला वाटत नव्हतं.

"आहे ना तो?"

उकंडा आणि कौतिका, दोघंही माझ्याकडे बघत होते.

"आहे," मी म्हणालो.

जकात नाका गावाबाहेर, हमरस्त्याला लागून. जकात बंद झाल्यापासून तिथे कोणी जात नसे. आम्ही दुपारी उतरलो. दाराला पितळी कुलूप होतं, नवंकोरं. मी बेलसऱ्यांना फोन केला.

"चावी माझ्याकडेच आहे," ते म्हणाले. "पण देता येत नाही. पाहणी समिती येणार आहे."

"कधी?"

"येईल. या महिन्यात, पुढच्या महिन्यात. तोवर कोणी वापरला तर घाण नाही का होणार? माणसं ठेवली की काय होतं ते तुम्हाला माहीत नाही, देऊळकर साहेब. तुम्ही पुस्तकातली माणसं."

"पण तो निवारा आहे."

"म्हणूनच तर जपतोय!" बेलसरे खरोखर कळवळून बोलत होते.

फोन ठेवला. उकंडानं तोवर रस्त्याकडेचा दगड उचलला होता. तो कुलपाकडे बघत होता, बंद गेटचा अंदाज असलेल्या माणसासारखा.

"तो मला द्या," मी म्हणालो. "तुम्ही मारलात तर वेड्यानं फोडलं म्हणतील."

पहिला घाव दाराच्या फळीवर बसला, दुसरा माझ्या अंगठ्यावर. कुलूप फुटलंच नाही. जुनाट चौकटीतून कोयंडाच निघून आला. कौतिकानं दार ढकललं.

आत सगळं होतं. मी लिहिलं होतं ते सगळं. दोन रांगांत दहा लोखंडी खाटा, प्रत्येकीवर गादी, प्रत्येक गादीवर कारखान्यातून आलं तसंच प्लास्टिक. मोरीत नळ, कौतिकानं फिरवला, तर पाणीही आलं. मागे जोडप्यासाठी खोली, दाराला आतून कडी. मी तिथेच उंबरठ्यावर बसलो. आपण खोटं लिहिलं असं समजून मी इतके दिवस स्वतःला दोष देत होतो, आणि ते अक्षरशः खरं होतं. फक्त आत कोणाला येऊ दिलं नव्हतं.

उकंडा एका गादीवर बसला. प्लास्टिक करकरलं, तसा तो चटकन उठला. "फाटलं काय जी?"

मी ते ओढून काढलं. दुसऱ्या गादीवरचंही काढलं.

बेलसरे संध्याकाळी आले. कोयंड्याकडे, मग माझ्या अंगठ्याकडे पाहत राहिले. "तुमच्यासारखा माणूस!" एवढंच म्हणाले. पण त्यांनी त्या दोघांना तेव्हा हाकललं नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते. मला कारणे दाखवा नोटीस आली आणि दाराची भरपाई पगारातून गेली, तेही त्यांच्या सहीनं नव्हे.

समिती अपेक्षेपेक्षा लवकर आली. उकंडा ठरल्या वेळी गोळ्या घेत होता. नाक्यासमोरचा रस्ता रोज झाडत होता. कौतिकानं मागच्या पडवीत चूल मांडली होती. समितीच्या साहेबांनी धुरानं काळी झालेली भिंत पाहिली, खिडकीच्या गजांवर वाळत घातलेलं लुगडं पाहिलं, दोन गाद्यांवरचे डाग पाहिले.

"या आठ गाद्या उत्तम आहेत," ते म्हणाले. "या दोन गाद्यांचं काय झालं?"

"माणसं झोपतात, साहेब," मी म्हणालो.

शेरा 'देखभाल असमाधानकारक' असा आला. नगरपालिकेनं निवारा दुरुस्तीसाठी बंद करायचं ठरवलं. नवी चौकट बसवायला सुतार आला, त्या सकाळी बेलसरे मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

सांगावं लागलं नाही. दोघांनी गाठोडं बांधून ठेवलं होतं. मी जिन्याखालच्या एका भाड्याच्या खोलीत राहत असे. "माझ्या खोलीवर चला," असं मी त्यांना म्हणालो. आदल्या दिवसापासून ते वाक्य मनात घोकत होतो.

कौतिकानं पदर मागे सारला आणि मी भासरा झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्याशी समोरासमोर बोलली. "नाही जी. तुम्ही खोटे भासरे, पण लोक तर खरे आहेत नं. तुम्हाले राहू देणार नाहीत." मग म्हणाली, "विटाच्या भट्टीवर जातो. तिथं खोप करून राहू देतात."

"आणि गोळ्या?"

"आहेत महिन्याच्या." तिनं गाठोड्यावर हात ठेवला. "मंग पाहू."

उकंडा आत जाऊन शेवटचं एकदा बघून आला. त्यानं दोन्ही खाटा ओढून ओळीत लावल्या होत्या. येताना त्याच्या हातात मी गाद्यांवरून काढलेलं प्लास्टिक होतं, चौकोनी घडी घालून ठेवलेलं. त्यानं ते बेलसऱ्यांपुढे धरलं नाही, माझ्यापुढे धरलं.

"यातलं एक नेऊ काय जी? खोपीवर टाकाले होईन."

बेलसरे रस्त्याकडे बघू लागले. सुतारानं रंधा थांबवला.

मी आत गेलो आणि उरलेल्या आठ गाद्यांवरचं प्लास्टिकही ओढून काढलं. घडी मला घालता येत नव्हती. कौतिका एक टोक धरायला आली.